आत्या, गाठ आणि दीड इंची पाइप

आमच्या घरात कुणी काम काढून घेण्यासाठी गोड बोलायला लागलं, की दुसरं कुणीतरी हमखास विचारतं, "धपाटे थापून राह्यली का?" बाहेरून आलेल्या सुनांना आणि जावयांना हे कळायला वर्ष-दोन वर्षं लागतात. त्यासाठी आधी आत्या कळावी लागते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सासरी पटलं नाही म्हणून चाळिशी उलटल्यावर ती माहेरी परत आली. भावाच्या घरात राहायला तिने साफ नकार दिला आणि गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याजवळच्या आमच्या पडीक तुकड्यावर दोन खोल्या बांधल्या. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. राजूरपासून सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावरच्या आमच्या गावात तेव्हा नुकते नळ आले होते. पाण्याची टाकी वरच्या आळीला, उंचावर. तिथून निघालेली पाइपलाइन मारुतीच्या पारापाशी संपायची. पारापासून आत्याचं घर चांगलं दोन शेतं लांब. ती नळ मागायला गेली तेव्हा ग्रामपंचायतीने तिला सांगितलं की लाइन जिथे संपते तिथे गाव संपतं. हे सांगणारे पंच म्हणजे माझे वडीलच होते.

आत्या भांडली नाही. तिने अर्ज करायला सुरुवात केली. चौथीपर्यंत शिकलेली, पण अक्षर असं वळणदार की अर्ज फेकून द्यायला कारकुनाचं मन होत नसे. अर्जांच्या जोडीला धपाटे. ज्वारीच्या पिठाचे, तीळ लावलेले, वर दही आणि लसणाचा ठेचा. नळदुरुस्तीसाठी भोकरदनहून फिटर आला, की त्याचं जेवण आत्याकडे. पाणी सोडणाऱ्या माणसाचा चहाही तिच्याचकडे. कुणाला काही मागायचं नाही, फक्त वाढताना एकदा उसासा टाकायचा आणि रिकाम्या रांजणाकडे बघायचं.

काही महिन्यांत पारापासून अर्धा इंची नळी आत्याच्या अंगणात पोचली. पुढच्या वर्षी तिच्या जागी दीड इंची पाइप आला. तो कुणी टाकला आणि कधी टाकला, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. पाइप वाकडातिकडा, सांध्यांना सायकलच्या ट्यूब गुंडाळलेल्या, चार ठिकाणी गळणारा. पण पाणी धो धो यायचं. पाणी आहे म्हटल्यावर तिच्या शेजारी आणखी चार घरं उठली.

वडिलांचा संताप झाला. बहिणीचा पाइप तोडायला मन होईना आणि पंच म्हणून गप्पही बसता येईना. मग त्यांनी एक अक्कलहुशारी केली. टाकीवरचा कॉक फक्त थोडा वेळ उघडायचा, म्हणजे चोरायला पाणीच उरणार नाही. झालं असं, की वरच्या आळीचे नळ नुसते फुसफुसायला लागले आणि लाइनीत जे काही पाणी येई ते उतारावरून वाहत थेट आत्याच्या दीड इंचीत. तिचा नळ एक दिवसही बंद पडला नाही. आठवड्याभरात वरच्या आळीच्या बायका घागरी घेऊन आत्याच्या अंगणात उभ्या राहिल्या. त्यात माझी आईही होती. आत्या प्रत्येकीला पाणी द्यायची आणि वर चहा पाजायची. वडील रोज बहिणीच्या पाण्याने आंघोळ करायचे आणि आंघोळ करताना तिला शिव्या द्यायचे.

शेवटी पाणी सोडणाऱ्या माणसानेच उपाय काढला. त्याने पारापाशी, आत्याच्या फाट्यावर, एक वेगळा कॉक बसवला. तिचं पाणी तिथून मोजून सुटायला लागलं आणि गाव शांत झालं. मात्र आपलं चुकलं असं वडील पुढे कित्येक वर्षं म्हणाले नाहीत. आणि ते कधी म्हणतात याची वाट बघणं आत्यानेही कधी सोडलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मी जालन्यात शाळेत विज्ञान शिकवत होते. आत्याला लघवीतून रक्त जायला लागलं. तिने ते चार महिने लपवलं. आम्ही तिला औरंगाबादला नेलं, तेव्हा डाव्या किडनीत मोठी गाठ निघाली. गाठ कॅन्सरची होती, पण अजून किडनीच्या बाहेर पडलेली नव्हती. लवकर किडनी काढली तर आत्या वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. दुसरी किडनी ठणठणीत होती.

डॉक्टर तरुण होते आणि त्यांना समजावून सांगायची हौस होती. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला. सुरुवातीला अशी गाठ मोहरीएवढी असते, म्हणाले, आणि आजूबाजूने जे झिरपेल त्यावर तिचं भागतं. त्यापुढे वाढायचं तर आतल्या पेशींना प्राणवायू कमी पडतो. त्या गुदमरल्या की एक रसायन सोडतात. ते शेजारच्या चांगल्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचलं की त्यांना कोंब फुटतात आणि ते कोंब गाठीच्या दिशेने वाढत जातात. शरीर स्वतःच्या हाताने गाठीला रक्ताच्या नळ्या टाकून देतं. घाईत टाकलेल्या या नळ्या वाकड्यातिकड्या आणि गळक्या असतात. रक्त मिळालं की गाठ आणखी वाढते, पुन्हा कमी पडतं, पुन्हा निरोप जातो.

माझ्या वडिलांनी सावकाश मान वळवून आत्याकडे पाहिलं. मी पदर तोंडात कोंबला. कॅन्सरच्या डॉक्टरसमोर हसू आवरत बसण्याची ती माझी पहिली आणि शेवटची वेळ. आत्या मात्र गंभीरपणे फोटो बघत होती.

"म्हंजी गाठीनं धपाटे खाऊ घातले," ती म्हणाली.

डॉक्टरांना काही कळलं नाही. आजवर मी ही प्रक्रिया शेकडो पोरांना शिकवली, पण इतक्या थोडक्यात मला जमलेलं नाही.

डॉक्टरांनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. याहून उशीर झाला तर गाठ बाहेर पसरेल, हे त्यांनी दोनदा बजावलं. आत्या हो म्हणाली आणि गावी गेल्यावर शब्द फिरवला. गाठीला लोखंड लागलं की ती पसरते, असं आमच्याकडे सगळे मानायचे. पाती लागली की माणूस संपला. शिवाय डॉक्टरांच्या बोलण्यातून आत्याने स्वतःचा एक उपाय काढला होता. गाठ रक्तावर जगते ना, मग रक्तच कमी करायचं. तिने जेवण बंद केलं. राजूरच्या गणपतीची चतुर्थी ती पहिल्यापासून कडक धरायची, त्यामुळे उपास वाढले ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तारखेला पाच दिवस उरले असताना मी गेले, तर तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

मला इतका राग आला की मी चप्पल काढायचीही विसरले. आत्या अंथरुणावर बसून शांतपणे म्हणाली, "उपाशी मारून राह्यले तिला. बिलकुल घाबरू नको."

खरं सांगते, मला भीती वाटत होती. ही बाई हट्टाने मरणार आणि आम्ही बघत बसणार असं वाटत होतं. पण आत्यापुढे रडून काही मिळत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी तिच्या समोर बसले.

"आत्या, दादानं टाकीवरचं पाणी कमी केल्तं, तव्हा तुझा नळ किती दिवस बंद होता?"

"एकबी दिवस न्हाई," ती अजूनही अभिमानाने म्हणाली.

"अन् तहानलं कोण?"

मी सांगितलं की तिच्या पोटातलं गावही तसंच तहानलंय. उपास तिच्या हातापायांना घडतोय, आणि गाठीला तिच्या जाड नळ्यांतून सगळं बराबर मिळतंय. ती आणखी गुदमरली तर आणखी निरोप धाडेल.

वडील दारात उभे होते. ते केव्हा आले ते आम्हाला कळलं नव्हतं. ते आत आले आणि तिच्या पायाशी खाली बसले. सत्तरीचा माणूस, गुडघे धरून बसायला वेळ लागला.

"त्या वक्ताला माझंच चुकल्तं," ते म्हणाले. "कॉक तुझ्या फाट्यावर बसवायचा असतो. म्या सारा गाव तहानलेला ठेवला. आता तू तीच चूक करून राह्यलीस."

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "एक धपाटा टाक. दोन टाक. दादालाबी भूक लागली असंल."

ऑपरेशनला तिची एकच अट होती, आणि ती तिने डॉक्टरांना स्वतः सांगितली. आधी कॉक बंद करायचा, मंग पाइप कापायचा. डॉक्टर म्हणाले, "आजी, आम्ही तसंच करतो. आधी किडनीची रक्तवाहिनी बांधतो, मग किडनी काढतो." यावर आत्याने पाठीवर थाप द्यावी तशी त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि मजेत आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती नीट शुद्धीत आली. डॉक्टर येऊन सगळं ठीक असल्याचं सांगून गेले. ते गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं आणि गाठीने किती नळ्या ओढून घेतल्या होत्या ते विचारलं. मी सांगितलं, चारी बाजूंनी, काही चांगल्या जाड होत्या. ती छताकडे बघत पडून राहिली. कॅन्सरबद्दल तिला कीव वाटतेय की काय, अशी मला शंका आली.

"तिलाबी जगायचंच व्हतं, माय," ती म्हणाली. "पर तिनं कोणाला एक घागर दिली न्हाई."

मी तोंड फिरवलं आणि पदराने डोळे पुसले. मागून तिचा आवाज आला, अशक्त, पण नेहमीसारखा साळसूद.

"दर सहा महिन्यांनी तपासायला यायचं हाय ना? डॉक्टरला ठेचा तिखट चालतो का, तेवढं इचारून ये."