आमच्या गल्लीतलं लाल झाड

किस्से जमवायला आमच्या ऑफिसात काही मेहनत करावी लागत नाही बघा. तीन-चार माणसं, एक घरघरणारा एसी आणि हिरेनभाईंसारखा साहेब, एवढं असलं की पुरे. कालचा किस्सा चहाबरोबर सांगून संपतोय तोवर आजचा तयार!

आधी काम काय ते सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई काय बडबडतेय. सुरतेतल्या रस्त्यांवरच्या झाडांची आम्ही कॉम्प्युटरमध्ये हुबेहूब नक्कल करतो. खाली एक पट्टी असते. ती सरकवली की ऋतू बदलतात, पानं गळतात, नवी येतात, झाड मोठं होतं. तब्येतही कळते. हिरवं म्हणजे ठणठणीत, पिवळं म्हणजे आजारी, लाल म्हणजे मेलं. लाल झाडांची यादी महापालिकेच्या झोन ऑफिसला जाते आणि तिथून माणसं करवत घेऊन येतात. रुपाली ही नक्कल बनवते, राजूभाऊ स्कॅनर घेऊन फिरतात, आणि मी, मंदा, झाडापाशी जाऊन कॉम्प्युटर थापा मारत नाही ना ते बघते.

तर गेल्या वर्षी त्या लाल यादीत नवागामचं एक झाड गेलं. माझ्याच गल्लीतलं! गल्लीतल्या पंधरा बाया त्याच्या सावलीत बसून साड्यांना टिकल्या चिकटवतात, कारण खोलीत ना उजेड ना वारा. झाड गेलं की बायांचं काम गेलं. आणि त्याला लाल केलं कोणी? मीच! त्यावर येते, पण आम्ही मुळात किती हुशार ते आधी कळू द्या.

*

पांडेसऱ्यातला एक वड. एका आठवड्यात त्याचं खोड चार बोटं जाड झालं, असं कॉम्प्युटर सांगायला लागला. हिरेनभाई खुर्चीतून उठलेच. "मंदाबेन, ग्रोथ जुओ! ग्रोथ!" दोन ठिकाणी फोनही करून झाले.

मी गेले बघायला. वटपौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेले. खोडाला सूत, त्यावर सूत, त्यावर आणखी सूत. अख्ख्या पांडेसऱ्यातल्या बायांनी फेरे मारलेले!

परत येऊन म्हटलं, "साहेब, झाड नाही वाढलं. नवऱ्यांचं आयुष्य वाढलंय."

हिरेनभाईंनी तक्ता उघडला. मग म्हणाले, "ते कोणत्या कॉलममध्ये टाकायचं?"

*

दुसरं त्याच भागातलं. एका पिंपळाची पानं रुपालीच्या स्क्रीनवर गुलाबी दिसायला लागली. तिने सेटिंग बदललं. गुलाबीच. मॉनिटर बदलला. गुलाबीच! बिचारी रडकुंडीला आली. म्हणाली, "हा नवीन रोग असेल."

राजूभाऊ आमच्याकडे येण्याआधी अठरा वर्षं रंगाच्या कारखान्यात होते. ते गेले, एक पान तोडलं, बोटांनी चोळलं आणि फोन केला. "रोग नाही गं पोरी, राणी कलर आहे. शेजारच्या कारखान्यात रंगाच्या पावडरच्या गोणी झटकल्यात. गुरुवारी ये, मोरपिशी असेल."

गुरुवारी गेलो. मोरपिशी!

*

कामरेजच्या बिल्डरचं मात्र ऐकाच. त्याला सोसायटीची फिल्म हवी होती, बिल्डिंगभोवती झाडं. रुपालीने झाडं लावली आणि पट्टी सरकवून दाखवली. पानगळ आली तसं त्याचं तोंड उतरलं.

"ए काढी नाखो. पानं पडताना दिसली तर फ्लॅट कोण घेणार?"

रुपाली म्हणाली, "साहेब, झाडं आहेत, पानं गळणारच." तो ऐकेना. मग तिनेही हट्टाने पानगळ बंद केली आणि नवी पालवी तेवढी चालू ठेवली. दर वर्षी नवी पानं येतात, जुनं एक पडत नाही. पट्टी वीस वर्षं पुढे नेली. स्क्रीनवर नुसता हिरवा डोंगर.

"मारी बिल्डिंग क्यां?"

"आत आहे ना साहेब."

पानगळ मुकाट्याने परत घेतली त्याने. आम्ही आठवडाभर हसत होतो. कॉम्प्युटरला जे सांगाल ते तो खरं धरतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

*

कारण माझ्या गल्लीच्या झाडाला मी काय सांगितलं होतं माहितीये? कडुनिंब!

नोंद करताना झाडाची जात लिहावी लागते. बाकी सगळ्या झाडांपाशी मी उभी राहून पान बघितलं, साल बघितली, फोटो काढला. आणि जिथे वीस वर्षं राहते तिथलं झाड? घरात पंख्याखाली बसून भरलं. नाव मला माहीत नव्हतं, कोणालाच नव्हतं. आमच्याकडे सगळे नुसतं 'झाड' म्हणतात. पोरं कुठेत? झाडापाशी. साड्या आल्या? झाडाखाली ठेव. यादीत पहिलं नाव कडुनिंबाचं होतं, दिलं ठोकून.

माघात राजूभाऊंनी स्कॅन केलं. झाडावर एक पान नाही, नुसत्या वाळक्या शेंगा खुळखुळतायत. कॉम्प्युटर म्हणाला, माघात कडुनिंबाला पानं हवीत, नाहीत, म्हणजे मेलं. लाल! यादी गेलीसुद्धा.

राजूभाऊ दुसऱ्या दिवशी शेंग खिशात घालूनच आले. "मंदाताई, हा शिरीष आहे. हिवाळ्यात बोडकाच असतो. कडुनिंब कोणी लिहिलं?"

 खोटं कशाला सांगू, त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

*

हिरेनभाईंनी झोन ऑफिसला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "नाव बदला हवं तर. मेलेला शिरीषसुद्धा मेलेलाच असतो. जिवंत आहे ते मॉडेलमध्ये दाखवा. पंधरा दिवस देतो."

संध्याकाळी गल्लीत सांगितलं. बाया माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मला वाटलं आता ही खोली सोडावी लागते. गोदुमावशी त्यांच्यात सगळ्यात मोठी, पंचवीस वर्षं त्याच बुंध्याला टेकून बसणारी.  सकाळी ती माझ्याआधी ऑफिसात हजर! हातात त्याच झाडाची फांदी. हिरेनभाईंच्या टेबलावर तिने ती नखाने खरवडली. आत हिरवीगार.

"देख भाऊ. झाड मरेल नही शे. पानं टाकी दिधात, इतलंच. तुन्हा मशीनले सांग."

हिरेनभाईंना अहिराणी येत नाही, पण हिरवा रंग दिसतो. अगदी ओशाळून म्हणाले, "मावशी, मला पटलं. पण मशीनला जुने फोटो पाहिजे. उन्हाळ्यातले, थंडीतले, वरसोवरसचे. कोण काढतं झाडाचे फोटो?"

मावशी फांदी पदरात घेत म्हणाली, "लगीनना चालतीन का?"

*

अहो, गल्लीतलं एकेक लग्न त्या झाडाखाली झालेलं! मांडवाची दोरी त्यालाच, हळद त्याच्याच बुंध्याशी, नवरदेवाची घोडी त्यालाच बांधायची. दुसऱ्या दिवशी रुपालीच्या टेबलावर अकरा अल्बम. काहींवर हळदीचे डाग, एकाला उंदराने कुरतडलेलं.

माघातल्या लग्नात नवरदेवामागे झाड बोडकं, वैशाखातल्या लग्नात गच्च हिरवं. दर खेपेला तेच. सगळ्यात जुन्या फोटोत झाड घोडीवरच्या नवरदेवाच्या फेट्याएवढं, पुढच्यात मांडवाएवढं, मग छपराच्या वर. रुपाली नवरीला बाजूला सारून फांद्या मोजायची. मी म्हटलं, अगं, त्या पोरीने एवढा मेकअप केलाय, तिच्याकडेही बघ!

तिसरा अल्बम आमचा निघाला. फोटोत आमच्या ह्यांच्या डोक्यावर दाट केस, कपाळापर्यंत भांग. रुपालीने फोटो बघितला. ह्यांना ती आदल्याच दिवशी भेटलेली. म्हणाली, "मंदाताई, इथे पालवी पुन्हा यायची शक्यता कमी आहे हं!"

चार दिवसांनी तिने सगळ्यांना बोलावलं. गोदुमावशीही आली. रुपालीने पट्टी सरकवली. आधी एक रोपटं, काठीला बांधलेलं. मग फुटलं, झडलं, पुन्हा फुटलं, पुन्हा झडलं, आणि दर खेपेला थोडं उंच. शेवटी आजचं, आमचं. कोपऱ्यात हिरवा ठिपका!

मावशी म्हणाली, "व माय, आपलं झाड." मला तर हुंदकाच आला. राजूभाऊ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. हिरेनभाईंनी सगळ्यांसाठी लोचो, म्हणजे आमचा सुरती मऊ ढोकळाच, मागवला आणि नेमका मावशीचा उपास निघाला.

झोन ऑफिसने मॉडेल बघितलं आणि झाडाचं नाव यादीतून काढल्याचं पत्र दिलं. ते पत्र मी देवाजवळ ठेवलं होतं, हसू नका.

*

आता शेवटचं. वैशाखातली दुपार, माझी सुट्टी. झाड पानांनी भरलेलं, खाली पंधरा बाया, मांडीवर साड्या. मी शेंगदाणे सोलत बसलेली. गल्लीत टेम्पो शिरला. आत तीन माणसं, दोर, कुऱ्हाड, मोठी करवत.

शेंगदाणे सांडले, मी पत्रासाठी उठले. पत्र घरात देवाजवळ, आणि माणसं तर उतरलीसुद्धा! बायांची बोटं जागच्या जागी थांबली. टिकली कोणी उचलेना.

त्यांच्यातला मोठा घामाने चिंब झाला होता. गमछाने तोंड पुसत सावलीत आला, खिशातून एक चुरगळलेला कागद काढला. जुनीच यादी होती, मी लांबूनच ओळखली.

"मौसी, इस गल्ली में कोई मरा हुआ नीम है? सुबह से ढूँढ रहे हैं, मिलता ही नहीं."

गोदुमावशीने त्याला तांब्याभर पाणी दिलं. तो पिऊन होईपर्यंत बघत राहिली.

"मरा हुआ नीम? पच्चीस साल से बैठी हूँ भैया, मैंने तो नहीं देखा."

त्याने कागद उलटासुलटा करून बघितला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग करवत बुंध्याला टेकवून उभी केली आणि वर पानांकडे बघत म्हणाला, "बहुत ठंडक है यहाँ. आधा घंटा लेट जाएँ?"

मावशीने साड्यांचा ढीग आपल्याकडे ओढून घेतला. "तीनों आ जाओ. जगह बहुत है."