तिघींसाठी दोन तंबू

माझी कॉलेजातली मैत्रीण अमरावतीला असते. मी लग्न होऊन अकोल्याला आले, ती तिथेच राहिली, पण वर्षातून एकदा दोघींनीच कुठेतरी जायचं हे आमचं ठरलेलं. बुकिंग आम्ही कधी केलं नाही. एस.टी.त बसायचं, उतरू तिथे खोली बघायची. एकदा खोली मिळाली नाही, तर धामणगावला तिच्या आत्याकडे जाऊन झोपलो होतो.

मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. यंदा तिची शेजारीणही येणार होती. गाडी शेजारणीची, चालवणारही तीच. पहिला मुक्काम चिखलदऱ्याला, दुसरा धारणीकडे, दोन्हीकडे तंबूत. या शेजारणीचा विषय निघाल्याशिवाय आमचा फोन संपत नसे. तिने शिकवलेलं लोणचं, तिच्यासोबतचं सकाळचं फिरणं. मी नुसतं हं हं करायचे.

शेजारणीचं म्हणणं होतं की सुट्ट्यांचे दिवस आहेत, तंबू आत्ताच राखून ठेवावेत. बोलणं शहाणपणाचंच होतं, म्हणूनच मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, घाई कशाला, गेल्यावर बघू.

"अवं, इतक्या थंडीत जागा नाही भेटली तं गाडीत झोपतं का?" मैत्रीण म्हणाली.

खरी गोष्ट मी तिला सांगितली नाही. एका तंबूत फार तर दोघीच मावणार होत्या. आधी बुकिंग करायचं म्हणजे कोण कोणासोबत झोपणार ते घरूनच ठरवायचं, आणि तिसरीने एकटीने झोपायचं. ती तिसरी मीच असणार याची मला खात्री होती. तसंच गेलो असतो तर कुठेतरी एखादी मोठी खोली मिळाली असती आणि तिघी ओळीने झोपलो असतो. उद्या सांगते, परवा सांगते असं करत मी ते लांबवलं. शेवटी त्यांनी बुक करून टाकलं आणि मग मला कळवलं.

"एक दोघींचा, एक एकटीचा. तुमी दोघी संग झोपा, मी एकटी झोपतो. तेवढीच तुमची ओळख होईन," मैत्रीण फोनवर म्हणाली.

हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

चिखलदऱ्याला पोचलो तेव्हा आमचे दोन तंबू सोडले तर मैदानात जागा शिल्लक नव्हती. आमच्यासमोर एक कुटुंब लेकरांसकट परत गेलं. शेजारीण गाडीतून सामान काढायला लागली. बघा, सांगत होते ना, असं म्हणाली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

मैत्रीण प्रवासाने थकून आपल्या तंबूत पडली. आम्ही दोघी बाहेर चहा घेत बसलो. शेजारीण सहज म्हणाली, "आता थकतात त्या लवकर. ऑपरेशन झाल्यापासून."

कसलं ऑपरेशन, असं मी विचारलं नाही. मला माहीत असल्यासारखी मान हलवली. ती सांगत गेली आणि मी ऐकत गेले. उन्हाळ्यात गर्भाशय काढलं होतं. दवाखान्यात रात्री ही जवळ झोपली होती, घरी आल्यावर केस हिने विंचरून दिले होते. त्या महिन्यात मैत्रीण मला फोनवर सांगायची की पाहुणे आहेत, नंतर बोलू. अकोल्याहून अमरावती किती लांब आहे? मला दवाखान्यापेक्षा त्या केसांचंच जास्त लागलं.

सकाळी मैत्रीण एकटी ब्रश करत होती तेव्हा मी तिला गाठलं. "मले काहून नाही सांगतलं?"

तिने चूळ भरली. "तू रडली असती. मले तवा रडणारं माणूस नको होतं."

"अन् ते चालली तुले?"

"ते शेजारीण हाये. तिच्यासमोर मले लाज वाटली नाही. तुह्यासमोर वाटली असती."

धारणीच्या वाटेवर मी मागच्या सीटवर बसून होते. पुढे त्या दोघी रस्त्याचं बोलत होत्या. कुठल्यातरी वळणावर दोघी एकदम हसल्या. का ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या मुक्कामी एकटीचा तंबू मी मागून घेतला. जेवणं झाल्यावर मैत्रीण आपली दुलई घेऊन माझ्या तंबूत आली आणि न विचारता आडवी झाली. त्या एवढ्याशा जागेत आम्ही अगदी खेटून होतो. मग तिने स्वतःच सगळं सांगितलं. आधी किती भीती वाटली, शुद्धीवर आल्यावर आई आठवली, पोटावरच्या खुणेकडे अजून बघवत नाही. मी तिचा हात धरून ठेवला. मला रडू आलं नाही. हे सगळं तिने आधी कोणाला तरी, कदाचित याच शब्दांत, सांगून झालेलं आहे, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं.