मुक्यानं आणायचा सागरगोटा

लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना. जळोचीहून लासुर्ण्याला सासुरवाडीला निघालो तेव्हा मी सडपातळ होतो, हे आता कुणी मानत नाही. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, आणि नारायणाला "पुरे" म्हणायची सोय नसते. सासूबाई, म्हणजे आमच्या मामी, पुरण भरून उकडलेले धोंडे ताटात टाकत राहिल्या, वर तुपाची धार. उठलो तेव्हा पोट तबल्यासारखं झालं होतं. टिचकी मारली, तर वाजलंसुद्धा.

खरं संकट संध्याकाळी होतं. चुलत सासऱ्यांकडेही धोंडे शिजत होते. तिथं जेवलो नसतो, तर "थोरल्याकडं जेवला, आमच्यात न्हाय" हे मला म्हातारपणापर्यंत ऐकावं लागलं असतं.

मामी म्हणाल्या, "सागरगोट्याची बी भाजून ताकात देते, पोट हलकं हुईल. पण आणायचा मुक्यानं. जाता-येता तोंडातनं शबुद निघाला की गुण गेला."

आणायला निघाले मामा, माझे सासरे. या कामाला त्यांच्याइतका नालायक माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात नव्हता. मामा म्हशीला वैरण टाकतानाही तिला गावच्या बातम्या सांगत. ते बोलले तर कळावं म्हणून मामींनी मला मागं धाडलं.

वेशीपाशीच एक सायकलवाला "रामराम" म्हणाला. मामांनी रामराम घातला, ऊसतोडीच्या टोळीची चौकशी केली, त्याच्या मेव्हण्याचं लग्न जमलं का विचारलं आणि मग माझ्याकडं बघून जीभ चावली. परत फिरलो.

दुसऱ्या खेपेला कालव्याच्या फाट्यावरच्या कुंपणापर्यंत पोचलो. सागरगोट्याच्या शेंगेला साळिंदरासारखे काटे. एक मामांच्या बोटात घुसला. "आयायायी!" आणि पाठोपाठ त्या झाडाच्या सात पिढ्यांचा उद्धार. परत फिरलो.

"आता तोंडात पाणीच धरा," मामी म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला शेंग हातात आली. गाल टम्म फुगवून मामा परतत होते, तेवढ्यात चुलत सासरे आडवे आले.

"दादा, पाव्हण्याला कवा घिऊन येतूस?"

मामा गप्प.

"आरं, बोल की! फुगलास व्हय? काय केलं आमी?"

मामांचे कान लाल झाले. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर मामांनी माझ्यावरच डोळे वटारले. मीही गप्प.

"दोघंबी फुगलं!" म्हणत चुलत सासरे तणतणत गेले.

म्हणजे आता रुसवा काढायला दुप्पट जेवणं आलं. कडूजहर ताक घशाखाली घातलं. एक ढेकर आला, त्यापुढं पोट ढिम्म हलेना.

संध्याकाळी पानावर बसलो. चुलत सासूबाई धोंड्यांचं पातेलं घेऊन उभ्याच होत्या.

"आता तरी बोलनार का, दादा?" चुलत सासरे म्हणाले.

आणि दुपारपासून तुंबलेला फाटा फुटला. सायकलवाला, काटा, तोंडातलं पाणी! मामा पानावरून उठून सगळं करून दाखवू लागले. चुलत सासरे भिंतीला टेकून हसत होते. चुलत सासूबाईंच्या हातातला धोंडा हातातच राहिला, वाढायचं भानच उरलं नाही. मी चवीपुरता एक खाल्ला आणि हळूच हात धुतला.

बऱ्याच वेळानं त्या दचकल्या. "आगं बया, पाव्हणं जेवलं का न्हाय?"

"जेवलं की! माझ्या म्होरंच जेवलं," मामा म्हणाले आणि पुन्हा काट्यापासून सुरुवात केली.