अर्धलीचा खेळाडू

संगणकावरच्या खेळात मी एक फुटबॉल क्लब चालवतो. त्यातला एक कोवळा पोरगा बाकावर बसून गंजू नये, म्हणून मी त्याला वर्षभर एका लहान क्लबाकडं खेळायला दिला.

"अर्धलीनं दिलास व्हय!" अण्णा, म्हणजे माझे वडील, खूश झाले. आमच्या अणदुरात कालवड अशी सांभाळायला दिली, की निम्मी सांभाळणाऱ्याची होते.

पोरगा चांगला तयार होऊन परतला. अण्णा मात्र हटून बसले, "निम्मा त्यांचा." तो माणूस न्हाय, नुसते आकडे आहेत, हे सांगून सांगून माझं डोकं फिरलं.

शेवटी मी त्याला फक्त पूर्वार्धात खेळवू लागलो. परवा अंतिम सामना हातचा जायला लागला, म्हणून त्याला उत्तरार्धातही ठेवणार होतो, तर अण्णांनी माझा हात धरला.

"दुसऱ्याचं जनावर जुंपायचं न्हाय."