कोऱ्या चहाचं घर

आमच्या शेजारी भागवतभावजींच्या घरात एवढ्यात कोणी मेलेलं नाही, हे मला अधूनमधून कोणा ना कोणाला सांगावं लागतं. बियाणं विकणारा येतो, लाईटबिलाचा पोरगा येतो, मतदारयादीवाले गुरुजी येतात. भावजी त्यांच्या हातात कोरा चहा ठेवतात. आणि पाहुणा आवाज खाली आणून विचारतो, "कधी झालं?"

त्याचंही चुकत नाही. आमच्याकडे घरात मयत झालं की दूध चुलीवर चढत नाही. भेटायला येणाऱ्याला कोरा चहा, तोही न बोलता. संगमनेरच्या या पट्ट्यात एरवी दुधाला तोटा नाही. घरटी दोन-चार गाया, सकाळ-संध्याकाळ डेअरीत रांग आणि बोलणं सगळं फॅटचं. अशा गावात धडधाकट माणसानं बिनदुधाचा चहा पाजायचा म्हणजे काय!

भावजींकडेही गाया होत्या. त्यांची बायको गेली त्याच पावसाळ्यात एक गाय व्याली, आणि झाला गोऱ्हा. जर्सी गोऱ्ह्याला आमच्याकडे कोणी विचारत नाही. दूध द्यायचा नाही आणि वशिंड नसल्यानं मानेवर जू बसायचं नाही. टेम्पोवाला येतो, पोरंटोरं शाळेत असताना घेऊन जातो. कुठे नेतो ते कोणी विचारत नाही, मीही कधी विचारलं नाही. भावजींनी याआधीचे गोऱ्हे त्याच टेम्पोत चढवले होते. या वेळी मात्र दावं सोडताना ते वासरू त्यांची बोटं चोखायला लागलं. टेम्पो रिकामा गेला.

तिथून माणूस बिघडला. "त्याच्या वाटचं मी इकत हुतो," एवढंच बोलले. दूध सोडलं. मग दही, तूप, पेढा. मटण-अंडी आधीच कमी होती, तीही सुटली. गाया राहुरीला लेकीच्या घरी नेऊन बांधल्या.

मी कसली गप्प बसते! म्हटलं, "भावजी, पाप लेकीकडं पार्सल केलं व्हय?"

ते नुसते हसले. पण हसणं ओठांपुरतंच होतं.

कॉलेजातल्या एका पोरानं त्यांना सांगितलं की याला व्हीगन म्हणतात. मी विचारलं, "लागण होते का ह्याची?" तेव्हापासून त्यांना खिंडीत गाठणं हा माझा धंदाच झाला. चामडी चप्पल गेली, रबरी आली. डॉक्टरनं कॅप्सूल दिली, तर तिचं वरचं टोपण जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं असं कुठेसं ऐकून आले, आणि आतली पूड गुळात कालवून खाल्ली. पूड इतकी कडू की गुळाचं नाव काढलं तरी पुढे दोन दिवस तोंड वाकडं व्हायचं. मी सगळ्या वस्तीत नक्कल करून दाखवली.

एकदा ते टोमॅटोवर औषध मारून आले. पाठीवर पंप, तोंडाला फडकं. मी बांधावर उभी होतीच.

"काय भावजी, अळ्यांना आई नसती का?"

पंप खाली ठेवून त्यांनी तोंडाचं फडकं सोडलं. मला वाटलं आता चिडतील. पण म्हणाले, "असंल, वहिनी. पर अळीची मला झोपताना आठवन येत न्हाई. गोऱ्ह्याची येती. उद्या अळीची आली तर ते बी सोडीन."

"मग खाल काय? माती?"

"तवा बगू."

तो गोऱ्हा आता दांडगा बैल झालाय. काम काही नाही, वैरण मात्र चौघांची. मी त्याला घरजावई म्हणते.

दूध सुटलं तसं माणूसही सुटत गेलं. पूर्वी भावजींच्या ओट्यावर संध्याकाळी चार टाळकी असायची. कोरा चहा चार दिवस लोकांनी गंमत म्हणून घेतला, मग एकेकजण पलीकडच्या ओट्यावर सरकला. कोणी भांडलं नाही, कोणी वाईट बोललं नाही. फक्त यायचे बंद झाले. दिवाळीला लेक येते, तिच्या पोरीला बाटलीचं दूध लागतं. "माझ्या घरात नगं," म्हणाले.  लेक पोरीला घेऊन माझ्याकडे येते, माझ्या गॅसवर दूध तापवते आणि बहुतेक वेळ इथेच बसते. नात इकडे खिदळते आणि भावजी भिंतीपलीकडे एकच भांडं पुन्हा पुन्हा घासत बसतात. आवाजावरून कळतं.

म्हणून मीच मनावर घेतलं. माझं माहेर तिसगावचं. तिथली रोहिणी, अंगणवाडीत आहे, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. बाई शांत. पण बावळट नाही. मी दोन्हीकडे बोलले. भावजी आधी "ह्या वयात कुटं" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी घराला चुना मारायला लागले.

तिकडची माणसं घर बघायला येण्याच्या दिवशी मी भावजींना सांगितलं, "हे बगा, चहा मी माझ्याकडून करून आनते, दुधाचा. तुमी हात सुद्धा लावू नका. एक दिवसाचा प्रश्न हाय."

"एक दिवसाचा कसा? ती रोज ऱ्हानार ना."

"रोजचं रोज बगू."

"न्हाई वहिनी. फसवून आनल्यासारकं हुतंय."

रोहिणी, तिचा भाऊ गोरक्षनाथ आणि चुलती दगडाबाई असे तिघं जीपमधून आले. पोहे झाले, शेतीचं झालं, पावसाचं झालं. दगडाबाईंना घर आवडलेलं दिसत होतं, चुन्याच्या भिंतीवरून हात फिरवून पाहत होत्या. मग भावजींनी स्वतःच्या हातानं ट्रे आणला.

कपात पाहिलं आणि दगडाबाईंनी पदर तोंडाला लावला. गोरक्षनाथनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आरं देवा," दगडाबाई हळूच म्हणाल्या. "कोन गेलं, बाबा?"

"कोनी न्हाई," भावजी म्हणाले.

"लपवू नगं. पाव्हनं येनार म्हनून कुनी लपवतं का? सुतकात सोयरीक बोलत न्हाईत. तेरावं झालं की आमी परत येऊ, त्यात काय."

मी डोळ्यांनी खुणावत होते, की गप्प बसा, होय म्हणा, कोणीतरी लांबचा चुलता मारून टाका. तेरा दिवसांत मी काहीतरी जुळवलं असतं. पण भावजींनी हात जोडले. "मावशी, खरंच कोनी गेलं न्हाई. माज्या घरात दूधच येत न्हाई. हा रोजचा चहा हाय."

"रोजचा?"

"रोजचा."

दगडाबाईंनी कप खाली ठेवला. "आमच्याकडं प्यायचं पानी टँकरनं येतं, पर चहात दूध असतं. मेलेल्याचं सुतक तरी फिटतं, बाबा. हे कसलं?"

मला हसू आवरेना. म्हणून मी उगाच खोकले. गोऱ्ह्याची सगळी गोष्ट भावजींनी सांगितली, टेम्पोपासून.  रोहिणी मात्र कप हातात धरून ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं तो संपवलाही. मग तिनं सरळ त्यांच्याकडे पाहून विचारलं.

"तुमचं मला पटतंय. पर मला चहा दुधाचाच लागतो. सकाळी उठल्यावर आनि अंगनवाडीतून आल्यावर. येवढीच माजी चैन हाय. मी माज्यापुरती पिशवी आनली तर चालंल का?"

इथे होय म्हणायचं होतं. जगातल्या कोणत्याही शहाण्या माणसानं होय म्हटलं असतं.  बाहेर बैल दाव्याला हिसके देत होता.

"आना," अखेर भावजी म्हणाले. "तुमच्या खान्यापिन्यावर माजी सत्ता न्हाई. मी काय बोलनार न्हाई. फक्त दूध तापताना मी भायेर जाऊन बसंन. त्यो वास आला की मला ते वासरू दिसतं."

रोहिणीनं दारातून बैलाकडे पाहिलं. "म्हंजी मी आत एकलीच चहा पिनार आनि तुमी भायेर बैलापाशी बसनार."

"व्हय."

"एकलीच प्यायचा तर तिसगावलाबी पितेच की मी."

ती हे रागानं बोलली नाही. उठताना तिनं कप आत नेऊन विसळून ठेवला. जीप गेली.

चार दिवस भावजींनी भिंतीपलीकडून हाक मारली नाही. पाचव्या दिवशी आले ते थेट माझ्या स्वयंपाकघराच्या दारात. तोंड धुतलेलं, अंगात इस्त्रीचा सदरा, जसं काही फोनवर दिसणार होतं.

"वहिनी, तिला फोन लावा. म्हनावं, भागवत आत बसंल."

"दूध तापताना?"

"तापताना बी आनि ती पिताना बी."

मी थट्टा केली, "नाकाला चिमटा लावून?" पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. मी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि निरोप सांगितला. पलीकडे अंगणवाडीतल्या पोरांचा कालवा चालला होता. रोहिणी एका बाजूला आली असावी, आवाज कमी झाला.

"ते बसतील गं, ताई," ती म्हणाली. "शबूद दिला तर पाळतील, मानूस खरा हाय. पर माज्या हरेक घोटाला त्यांच्या डोळ्याम्होरं ते वासरू येनार, आनि मला ते त्यांच्या तोंडावर दिसनार. मग माजा चहा बी गेला आनि त्यांचा नेम बी. नगं. त्यांना सांग, चुना छान मारलाय."

"ते इथंच हायेत," मी म्हटलं.

 पलीकडे एक पोरगं रडायला लागलं आणि ती "थांब रं, आले" म्हणाली.

भावजी फोनकडे बघत होते. "खरं बोलली," ते म्हणाले. मग, "हाय का अजून लाईनवर?"

"न्हाई. ठेवला तिनं."

"बरं."

"बसा की, भावजी. उभं का?"

"न्हाई, बैलाला पानी दावायचंय," ते म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले.