तांबडीची वाटणी

हौसामामींना नवी जागा दाखवणं हे धाडसाचंच काम. रांजणगावच्या कंपनीत कायम झाल्यावर मी भाड्याची खोली घेतली आणि मोठ्या थाटात त्यांना दाखवायला नेली. त्यांनी मधोमध उभं राहून चहूकडं पाहिलं आणि निकाल दिला, "आरं, हितं गाय तरी वळंल का?"

गावी, घोड नदीच्या काठाला, मामी आमच्या शेजारी राहायच्या. त्यांच्या घरी भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा गोठ्यातही भिंत उठली. दिरानं आपल्या गाई विकल्या. त्याच्या बाजूला मोडकं मळणीयंत्र पडून राहिलं. मामींच्या बाजूला तीन जर्सी गाई दाटीवाटीनं उभ्या. त्यांतल्या तांबडीला धड पाय पसरून बसता येत नसे. एकदा दुसरीनं तिला ढुशी मारली आणि ती गाभडली. त्या दिवशी मामींनी चूल पेटवली नाही.

तांबडी पुन्हा गाभण राहिली तशी मामींची झोप उडाली. "औषध नको, हिला जागा द्या," असं डॉक्टर सांगून गेले. जागा होती भिंतीपलीकडं, आणि पलीकडच्या जावेशी, सिंधूमामींशी, वाटणीपासून बोलणं बंद. मामी भलत्या हट्टी. स्वतःसाठी त्या कधीच तो उंबरा चढल्या नसत्या. तांबडीसाठी चढल्या.

"वाटणी आपली झाली," त्या दारातूनच म्हणाल्या, "तांबडीला कुणी इचारलं व्हतं?"

सिंधूमामी आत गेल्या आणि पहार घेऊन आल्या.

पुरुषमाणसं शिरूरच्या बाजाराला गेलेली. संध्याकाळी दीर ओरडला, "भिंत कुणी पाडली?"

"गाईनं धडक दिली," हौसामामी म्हणाल्या.

"व्हय, म्या बघितली की!" आतून सिंधूमामींनी साक्ष दिली.

गाय फारच टापटिपीची असावी, कारण पडलेल्या विटा एकावर एक नीट रचलेल्या होत्या. दीर काय समजायचं ते समजला आणि निमूटपणे मळणीयंत्र हलवायला लागला.

त्या ऐसपैस आवारात तांबडी पाय ताणून रवंथ करत पडायची आणि मामी हातातलं काम टाकून तिच्याकडं बघत बसायच्या. पुढं कालवड झाली. दोघी जावांनी मिळून खरवस केला आणि गल्लीभर वाटला. आमच्या वाट्याला जरा कमीच आला, पण ते असो.

मामी गेल्यानंतर बऱ्याच महिन्यांनी मी गावी गेलो. सिंधूमामी हौसामामींचं जुनं लुगडं नेसून तांबडीची धार काढत होत्या. परक्या हाताला ती पान्हा सोडेना, म्हणून सुरुवातीला त्यांनी ही युक्ती केली होती.

"अजून तुमच्या हाताची सवय लागली नाही तिला?" मी विचारलं.

"तिला कवाच लागली, बाबा," त्या खाली मान घालूनच म्हणाल्या. "लुगडं मलाच सोडवंना."