सोलापुरी मोरांच्या माना

मुरूम गावच्या वीरप्पा गवंड्याची ओळख दुसऱ्या कुणी करून द्यायच्या आत तो स्वतःच करून द्यायचा. "म्या वीरप्पा. हुनर म्हणाल तर भिंतीला तडे पाडणं."

ऐन उमेदीत तो सोलापूरला राहून सिमेंटची नक्षी शिकला. परत आला तेव्हा भाषावार राज्यं नुकतीच झाली होती, आणि गावात घरं अजून चुन्यानंच बांधली जात. वीरप्पा पारावर बसून सांगायचा, "चुना आता पानात खायाचा. भिंतीला सिमिट!" कापडवाले महालिंगप्पा यांनी ते मनावर घेतलं. जुन्या दगडमातीच्या घराला त्यांनी विटांची नवी खोली जोडली होती. दर्शनी भिंतीवर मधोमध एकमेकांकडं बघणारे दोन मोर हवे होते.

वैशाखात काम सुरू झालं. वास्तुशांतीची घाई होती. वीरप्पानं गिलाव्यात सिमेंट सढळ हातानं घातलं. जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबुती, असा त्याचा हिशेब. मोर झाले मात्र देखणे. पीस न् पीस मोजून घ्यावं असे.

वास्तुशांतीला पाहुणे आले, वर बघू लागले आणि एकमेकांना कोपरानं ढोसू लागले. दोन्ही मोरांच्या चोचींच्या मधून निघालेला तडा फाटे फुटून माना चिरत खाली गेला होता.

महालिंगप्पा हळूच म्हणाले, "वीरप्पा, हे काय रे?"

"सावकार, मोर सोलापूरचे हायत. इथलं ऊन त्यास्नी सोसंना."

पाहुणे हसले, महालिंगप्पाही हसले, म्हणून वीरप्पा वाचला. दुसऱ्या दिवशी त्यानं तड्यात नुसत्या सिमेंटची खीर भरली. ती वाळली, पांढरी पडली आणि शेजारून पुन्हा चिरली. मोरांनी गळ्यात मफलर गुंडाळलाय, असं दिसू लागलं. गावानं त्याचं नाव ठेवलं तडाप्पा. त्यानंही ते लगेच लावून घेतलं. दुसऱ्यांनी हाक मारण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, म्हणजे कमी लागतं.

घरी मात्र तो अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून उठायचा. एकदा भिंत लिंपता लिंपता बायको, शरणम्मा, म्हणाली, "आमी माती लावायच्या आदी भिंतीला पाणी पाजतो. तुमी पाजलं व्हतं का?"

"न्हाय."

"मग तहानली आसंल ती. तुमच्या सिमिटातलं पाणी तिनंच पिलं."

वीरप्पा तसाच उठला आणि महालिंगप्पांच्या घरासमोर जाऊन बसला. भर दुपारी भिंतीकडं बघत राहिला. मग त्याला दिसलं, की तडा बरोबर जुनी भिंत आणि नवी भिंत जिथं मिळतात तिथंच आहे. दोन भिंती आपापल्या वेगानं बसत होत्या, आणि यानं त्यांच्या सांध्यावर मोर बसवले होते.

"शाणा गवंडी!" तो स्वतःलाच म्हणाला. "जागा लई चांगली निवडलीस."

त्यानं स्वतःच्या हातानं मोर छन्नीनं उतरवले. रस्त्यावर माणसं थांबून बघत होती. भिंत भिजवली, ओढ्याची वाळू धुऊन चाळून घेतली, सिमेंट बेतानं घातलं. मोर पुन्हा केले, पण या वेळी सांध्याच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक. मधोमध वरपासून खालपर्यंत सरळ खाच ठेवली.

महालिंगप्पा चिडले. "तडा बुजवायला सांगितलं, तू मुद्दाम पाडतोस?"

"सावकार, भिंत हलायची ती हलणारच. तडा जायाचाच आसंल, तर म्या सांगितल्या वाटेनं जाऊ द्या." त्यानं खाचेच्या दोन्ही काठांना वेलाची पानं काढली. खाच वेलाचा देठ होऊन गेली.

मग मोरांवर ओलं गोणपाट टाकून तो सकाळ-संध्याकाळ पाणी मारत बसला. येणारेजाणारे विचारत, "तडाप्पा, मोर आजारी हायत व्हय?"

"ताप हाय थोडा. घड्या ठेवतोय."

पावसाळा गेला, पुढचा उन्हाळा गेला. मोर धड राहिले.

त्यानंतर उमरग्यापासून नळदुर्गापर्यंत कुठं सिमेंट चिरलं की लोक त्याला बोलवायचे. नवं काम मात्र कुणी देईना. "माझं नाव ऐकलं की कोरी भिंत बी घाबरती," तो म्हणायचा, आणि शरणम्मा मग दुसरीकडं बघायची.

काही वर्षांनी गावातल्या शाळेचे शांतलिंग मास्तर दारात आले. वीरप्पानं सवयीनं विचारलं, "तडा कुठं गेलाय, मास्तर?"

"तडा न्हाय. घर नवं बांधतोय. दर्शनी नक्षी तुम्हीच करायची."

एरवी तोंडाला कुलूप नसलेला माणूस नुसताच थाप्या धुवत बसला. शेवटी शरणम्माच आतून म्हणाली, "येतील हो. चहा घेऊन जावा."